पहिला रेग्युलेटर: पिस्टन की डायफ्रॅम?

ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स करून आलेली भाची रेग्युलेटरच्या (टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती श्वासाला देणाऱ्या उपकरणाच्या) दोन सेटमध्ये अडकली आहे: साधा अनबॅलन्स्ड पिस्टन (आत सरकणारा दट्ट्या) की बॅलन्स्ड डायफ्रॅम (आत लवचिक पडदा)?

आधी श्वासाचं. अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये टाकीतला दाब उतरत गेला की श्वास ओढायला थोडा जड जातो. 18 मीटरच्या आत राहून टाकीत 50 बार दाब शिल्लक ठेवून वर येणाऱ्याला हा फरक जेमतेम कळतो. पण खोलवर, प्रवाहाविरुद्ध पाय मारताना दम लागला की चांगलाच कळतो. बॅलन्स्ड सेट शेवटपर्यंत जवळपास सारखीच हवा देतो.

देखभालीत पिस्टन सरस. हलणारे भाग मोजके, त्यामुळे सर्व्हिसिंग स्वस्त. मात्र खारं पाणी स्प्रिंगच्या कप्प्यात शिरतं, म्हणून डाइव्हनंतर डस्ट कॅप (टाकीला जोडायच्या तोंडावरचं झाकण) घट्ट लावून गोड्या पाण्यात नीट भिजवायलाच हवा. डायफ्रॅममध्ये आतली मुख्य यंत्रणा पाण्यापासून वेगळी राहते; तारकर्लीसारख्या वाळूच्या, गढूळ पाण्यात हे मोलाचं. सुटे भाग जास्त, खर्चही जास्त.

सुट्टीत चार-सहा उथळ डाइव्ह करणार असशील, तर पिस्टन घे बाळा. पुढे ॲडव्हान्स्ड कोर्स करून 30 मीटरपर्यंत जायचं असेल, तर आत्ताच डायफ्रॅम. दोन्हीत, जवळ कोण सर्व्हिस करतं ते आधी विचार.