सहा इंडेक्स टू आणि माझे साडेपंधरा लाख

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. एकतीस वर्षं एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली. साडेतीन रुपयांचा फरक सापडेपर्यंत लोकांना रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसवून ठेवलेला माणूस आहे मी. त्याच माणसाने कोथरूडमधला स्वतःचा टू बीएचके ७१,००,००० रुपयांना विकला. अकरा आठवड्यांनी तोच फ्लॅट, स्वयंपाकघरातल्या त्याच गळक्या नळासकट, ८६,५०,००० ला गेला. हे कुणाला तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून लिहितोय.

एजंट मंडळी काय काय करतात ते तुम्हाला माहीत आहेच. ‘पार्टी तयार आहे काका’, ‘मार्केट सध्या थंड आहे काका’. मलाही माहीत होतं. म्हणून पहिल्याच भेटीत मी माझ्या एजंटला ऐकवलं होतं, ‘भाव तू सांगू नकोस, मला नोंदलेले व्यवहार दाखव.’ केवढा हुशार मी! चार दिवसांनी तो आमच्या इमारतीच्या आसपासचे सहा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे सरकारी गोषवारे, घेऊन हजर. जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडावे तसे मांडले. सरकारी कागद, नोंदणी क्रमांक, सगळं खरं. एकही कागद बनावट नव्हता, हे लक्षात ठेवा. कुणी तुम्हाला खोटा कागद दाखवायच्या भानगडीत पडत नाही. खरेच कागद, पण वेचून आणलेले.

टेबलावर काय होतं ते आता डोळे मिटून सांगू शकतो. दोन कागदांची झेरॉक्स खालून कापली गेलेली, कलम ८ नंतर कोरं. ‘मशीनची शाई संपली काका.’ कलम ९ आणि १० मध्ये दस्त कधी केला आणि कधी नोंदवला त्या तारखा असतात. नंतर मी ते दोन्ही दस्त स्वतः काढले. दोन्ही नोव्हेंबर २०२० चे, करोनातले, मुद्रांक शुल्कात सवलत होती तेव्हाचे. तेव्हाचा भाव मला आजचा म्हणून वाचायला दिला होता.

तिसऱ्या कागदावर मुलगी म्हणाली, ‘बाबा, देणारा आणि घेणारा एकाच आडनावाचे आहेत.’ मी काय म्हणालो असेन? ‘अगं, कोथरूडात त्या आडनावाची हजार घरं आहेत.’ ते दोघे सख्खे भाऊ निघाले. त्या कागदावर मोबदला आणि बाजारभाव रुपयाला रुपया सारखे होते. व्यवहार घरातल्या घरात असला की बहुतेक रेडी रेकनरचाच, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराचाच, आकडा टाकून मोकळे होतात. असा कागद दर ठरवायला धरायचाच नसतो. मुलीने बोट ठेवून दाखवलं आणि मी तिला चहा टाकायला पाठवलं.

पण खरा मार बसला तो उरलेल्या तीन कागदांत, आणि तो हिशेबाचा होता म्हणून जास्त लागतो. त्यातला एक, शेजारच्या इमारतीतला अगदी आमच्याच मापाचा फ्लॅट: क्षेत्रफळ ६८ चौरस मीटर, मोबदला ८५,३०,०००. त्याने मोबाइलवर माझ्यासमोर गणित केलं. ६८ गुणिले १०.७६४, म्हणजे ७३२ चौरस फूट. भागाकार केला, ११,६५० चा दर आला. मग म्हणाला, ‘तुमचा कार्पेट किती काका?’ मी छाती पुढे काढून सांगितलं, ६१०. गुणाकार आला ७१,०६,५००. ‘वरचे सहा हजार पाचशे सोडा, ७१ ला गिऱ्हाईक देतो.’

दिसलं ना? ते ६८ मीटर बिल्टअप होते, म्हणजे भिंती वगैरे धरून; कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली जागा. दर काढला बिल्टअपवर आणि लावला माझ्या कार्पेटवर. तो शेजारचा फ्लॅटही कार्पेट ६१० चाच, म्हणजे खरा दर जवळजवळ १४,००० पडला होता. माझ्या करारनाम्यातही बिल्टअप ६८ मीटरच लिहिलंय, तो करारनामा त्याच टेबलाच्या खणात होता. खण उघडायला हात लांब करायचा होता फक्त. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘एकक बघा, एकक बघा’ म्हणून ओरडलो. रात्री अजून जाग येते ती या भागाकाराने.

आता मला हसणाऱ्यांसाठी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले. वारज्यात लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट ठरवून २,००,००० विसार देऊन बसलो होतो, उरलेल्या पैशांना नव्वद दिवसांची मुदत. आणि ही मुदत मी एजंटला आपणहून सांगितली. तुम्ही तुमची घाई कुणालाही सांगू नका, बहिणीच्या ओळखीतल्या एजंटालाही नाही. सोसायटीत विचारलं का नाही, असंही लोक विचारतात. आमच्याकडे कुणी विकतोय म्हटलं की आधी जुनी थकबाकी आणि गच्चीची गळती निघते. गप्प राहिलो. चुकलं.

गिऱ्हाईक म्हणून एक बाई आल्या. घर बघायला सात मिनिटं लागली, संडासचं दारसुद्धा उघडलं नाही. राहायला येणारी बाई ओटा बघते, वाळत घालायला जागा बघते, पाणी किती वाजता येतं विचारते. हे माझ्या बायकोने त्याच दिवशी बोलून दाखवलं होतं. दस्त झाला, एक टक्का टीडीएस (घेणाऱ्याने कापून भरायचा आयकर) कापून ७०,२९,००० खात्यात आले. दलाली दोन टक्के, १,४२,०००. त्यातले ६०,००० चेकने, तोही एजंट ‘माझ्या भावाच्या नावाने काढा काका’ म्हणाला म्हणून त्याच्या भावाच्या नावाने, आणि ८२,००० रोख. हो, रोख दिले. सगळेच देतात.

जूनमध्ये शेअर सर्टिफिकेटच्या कागदावर एक सही राहिली म्हणून सोसायटीत गेलो. आमच्या जुन्या फ्लॅटचं दार एका तरुण जोडप्याने उघडलं. मुलाने पाणी दिलं आणि सहज म्हणाला, ‘साडेशहाऐंशी जरा जास्त झाले, पण एरिया चांगला आहे.’ पाण्याचा ग्लास हातात तसाच राहिला.

घरी येऊन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बसलो. फुकट आहे, जिल्हा, गाव, सर्व्हे नंबर टाकायचा, कॅप्चा दोन-दोनदा मागतो, धीर धरा. माझ्या फ्लॅटचे एकाच वर्षातले दोन दस्त एकाखाली एक. दुसऱ्यात मोबदला 8650000, स्वल्पविरामसुद्धा नाही. आणि त्या बाईंचा पत्ता: ज्या इमारतीच्या तळमजल्यावर एजंटचं ऑफिस आहे तीच इमारत, दुसरा मजला. नंतर कळलं, त्याची मेहुणी. माझ्या स्वतःच्या दस्तातही तोच पत्ता होता. पानापानावर माझी सही आहे. त्या ऑफिसात मी चार वेळा चहा प्यायलोय.

हिशेब केलाच. महिलेच्या नावावर म्हणून सहा टक्क्यांनी मुद्रांक ४,२६,०००, नोंदणी ३०,०००. तरी त्यांना १०,९४,००० सुटले, माझी दलाली वेगळी.

मग सुरू झाली वारी. चौकीत पहिल्यांदा गेलो तर साहेब पालखीच्या बंदोबस्तात. दुसऱ्यांदा एका हवालदाराने सगळे कागद उलटेपालटे बघितले आणि म्हणाला, ‘काका, सही तुमचीच ना? जबरदस्ती झाली का? मग ही दिवाणी बाब आहे.’ मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणुकीचं, छापून नेलं होतं. त्यावर त्याने पेन ठेवलं, म्हणजे कागद उडू नये म्हणून. तिसऱ्यांदा गेलो तर गणपतीचा बंदोबस्त. अर्जावर आवकचा शिक्का मिळावा म्हणून पावणेदोन तास उभा होतो, कारण शिक्का ज्या कपाटात असतो त्याची किल्ली नेणारी व्यक्ती जेवायला गेली होती. नोंदणी कार्यालयात उत्तर आलं, ‘आम्ही दस्त नोंदवतो, भाव ठरवत नाही.’ बरोबर आहे. पण मग ज्याने ठरवला त्याची तक्रार कुठे करू, तर समोरचा म्हणतो पुढच्या खिडकीवर विचारा, आणि पुढची खिडकी दस्त हाताळणी शुल्काची. सरकारी पोर्टलवर टाकलेली तक्रार ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ झाली आणि नऊ दिवसांनी ‘निकाली’. मला एक फोन नाही. माझी तक्रार निकाली निघाली, मी राहिलो.

रेराचं, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवरच्या कायद्याचं, नाव सगळे घेतात. तो २०१६ चा कायदा एजंटची नोंदणी मागतो ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. नव्वदच्या दशकातल्या सोसायटीतला जुना फ्लॅट त्यात बसवणं अवघड, असं वकिलांनी सांगितलं. त्यांनीच दुसरं दाखवलं: १८७२ चा करार कायदा, कलम २१५ आणि २१६. तुमच्या एजंटने तुम्हाला न सांगता स्वतःसाठीच व्यवहार केला तर त्यातला फायदा तुम्ही मागू शकता. दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मी उडालोच. मग त्यांनी विचारलं, ‘तो तुमचा एजंट होता याचा कागद?’ चेक त्याच्या भावाच्या नावाचा, बाकी रोख, लेखी काही नाही. म्हणून म्हणतो, दलाली त्याच्याच नावाने, खात्यातून, पावतीसकट. आणि ‘मी किंवा माझे नातेवाईक हा फ्लॅट घेत नाही’ असं एका ओळीत लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर चहा पाजून घालवा.

व्हॉट्सअॅपवर ‘७१ ला देतो’ हा त्याचा एक मेसेज सापडलाय. वकील म्हणतात त्यावर थोडंफार उभं राहता येईल. नोटिशीची फी १२,००० झाली. एजंटला पाठवलेली नोटीस त्याने सही करून घेतली. बाईंना पाठवलेली परवा परत आली, पाकिटावर पोस्टमनचा शेरा: ‘सदर पत्त्यावर राहत नाहीत.’