कपड्यांचा ड्रायर गरम होत नसेल तर हीटर बदलायच्या आधी हे वाचा (सातारा रिपेअर अनुभव)

साताऱ्यात ड्रायर रिपेअर करणारं चांगलं कोण आहे असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. दुकान राधिका रोडच्या बाजूला आतल्या गल्लीत आहे, बोर्डवर नुसतं 'वॉशिंग मशीन मिक्सर गिझर रिपेअर' एवढंच, शोरूम वगैरे डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. पण काम एक नंबर.

आमचा ड्रायर साधा, मागून पाइपने ओली हवा बाहेर फेकणारा. शाहूपुरीत राहतो आम्ही, जुलैमध्ये यवतेश्वरवर ढग उतरले की दोरीवरचे कपडे तीन दिवस तसेच, नुसता कुबट वास, आणि घरात लहान बाळ, त्यामुळे ड्रायर ही चैन राहिलेली नाही. तर झालं काय, मशीन चालू केलं की सुरुवातीला मस्त गरम, मग हळूहळू कोमट आणि तास झाला तरी जीन्सचा कमरेचा पट्टा आणि दुपटी ओलीच. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं (कंपनीचं नाव नको), त्याने मागचं झाकणसुद्धा न उघडता हीटर गेला म्हणून सांगितलं, वर बोर्डही बदलावा लागेल कदाचित, खर्चाचा आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या त्यापेक्षा शेगडीवर वाळवू.

मग या दुकानाचे काका आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "वैनी, सुरवातीला गरम येतंय ना? मग हीटर मेला कसा? मेलेला हीटर पाच मिनिटं तरी कसा तापंल?" मला तर इथेच पटलं. तरीपण त्यांनी मीटर लावून दाखवला, आमचा हीटर 2000 वॉटचा, साधारण 26 ओहम दाखवायला पाहिजे आणि तेवढाच आला. तुटला असता तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. काही मशीनमध्ये दोन कॉइल असतात म्हणे, त्यातली एकच गेली तर मशीन शेवटपर्यंत कोमटच राहतं, तो प्रकार वेगळा.

मग मशीन चालू ठेवून बाहेर गॅलरीत जाऊन पाइपच्या तोंडावर हात धरला. हवा येतच नव्हती जवळजवळ. आत येऊन पाइप मागून काढून टाकला आणि तसंच चालवलं तर शेवटपर्यंत कडक गरम! म्हणजे बिघाड हीटरमध्ये नाही, वाटेत. पाइप कपाटामागे दबलेला होता आणि वळणावर कपड्यांचा भुगा साठून, वर पावसाळ्यातली ओल लागून त्याचा नमद्यासारखा घट्ट बोळा झालेला, त्यात आमच्या निळ्या टॉवेलचे धागे स्पष्ट ओळखू येत होते, आणि बाहेरच्या तोंडाला पाली झुरळं येऊ नयेत म्हणून बसवलेली बारीक जाळी तर पूर्ण बुजलेली. पुढची जाळी मी दर वेळी साफ करते, पण त्यातून निसटलेलं सगळं इथे जाऊन बसतं हे कंपनीवाल्याने कधी सांगितलं नव्हतं.

हवा बाहेर पडली नाही की आतलं तापमान वाढतं, मग थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, थंड झालं की परत चालू, परत बंद. म्हणून ती कोमट हवा. असंच रेटत राहिलं तर शेवटी थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) उडतो आणि तो एकदा उडाला की बदलावाच लागतो, रिसेट होत नाही. आमचा वाचला. काही मेकॅनिक तो फ्यूज काढून नुसती वायर जोडून देतात, काका म्हणाले तसं कुणी करून दिलं तर त्या माणसाला परत घरात घेऊ नका, कारण भुगा पटकन पेट घेतो आणि मग अडवायला काहीच उरत नाही. जे बोलले ते बरोबरच आहे.

अजून एक चेक केलं जे मला तर डोक्यातच आलं नसतं, मशीन चालू असताना प्लगला व्होल्टेज. संध्याकाळी 200 च्या आसपास आलं. 230 ऐवजी 200 मिळालं की हीटरची ताकद पाऊणपटच राहते, म्हणून आता ड्रायर दुपारी लावते आणि फरक पडतो. एक्स्टेंशन बोर्डवर ड्रायर लावणाऱ्यांनी तर ते आधी बंद करा, 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा.

पाइपचा नवीन तुकडा, साफसफाई, बाहेरची जाळी काढून झडप, सगळं मिळून कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या पाव भागातसुद्धा नाही झालं. दुपटी आता एका फेरीत वाळतात.

तक्रारी पण सांगते. फोन उचलत नाहीत, दुपारी तर अजिबातच नाही, दुकानात जाऊनच सांगावं लागतं. येतो म्हणाले त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी साडेआठला दारात. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि कंडेन्सर किंवा हीट पंपवाला (म्हणजे बाहेर हवा फेकणारा पाइप नसलेला) ड्रायर असेल तर आधी विचारून घ्या, ती मशीनं ते स्वतःच घेत नाहीत. पाचपैकी चार स्टार, एक स्टार त्या फोनपायी कापला.