बडोद्याच्या दांडिया बाजारातलं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान: मदरबोर्ड नवा, विंडोज जुनंच

माझं घरगुती डीटीपीचं काम आहे, लग्न-मुंजीच्या पत्रिका, मराठी आणि गुजराती दोन्ही. वैशाखातल्या अवकाळी पावसात लाइट सारखी जात-येत होती त्यात माझ्या कॉम्प्युटरचा बी४५० मदरबोर्ड गेला. प्रोसेसर रायझन ५ ३६००, रॅम, एसएसडी सगळं धड होतं. आधी ज्यांच्याकडे नेलं त्यांनी कॅबिनेट न उघडताच सांगून टाकलं, "फॉर्मेट तो करवुं ज पडशे, बेन." पोटात गोळाच आला! इतक्या वर्षांचे फाँट, कोरल ड्रॉची (पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) सेटिंग, प्रिंटरचे कलर, हे सगळं ऐन लग्नसराईत परत बसवायचं म्हणजे आठवडा गेलाच.

मग नणंदेने दांडिया बाजारातल्या या दुकानाचं सांगितलं. छोटंसं आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. मालक मराठीच, तिशीतला असेल. स्क्रू काढायच्या आधी त्याने विचारलं, "काकू, बिटलॉकर चालू होतं का? मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करता का? विंडोज रिटेलचं, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, की कॉम्प्युटरबरोबर आलेलं?" बिटलॉकर म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोज लावतं ते कुलूप, ते असेल तर बोर्ड बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की (किल्ली) मागतं म्हणे, ती नसेल तर डेटा असूनही हाती लागत नाही. माझं बंद होतं.

मला सगळ्यात आवडलं ते कूलर काढणं. या प्रोसेसरच्या पिना खालून असतात आणि कूलरखालची थर्मल पेस्ट वाळली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. त्याने हेअर ड्रायरने कूलर गरम केला आणि बाटलीचं झाकण फिरवावं तसा हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. मी श्वास रोखून बघत होते.

नवा बी५५० बोर्ड लावला तर बूटच होईना. पण हा घाबरला नाही. माझी एसएसडी जुन्या हार्डडिस्कवरून क्लोन (जशीच्या तशी नक्कल) केलेली, म्हणून एमबीआर, म्हणजे डिस्कची जुनी मांडणी, आणि नव्या बोर्डात सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, बंद होतं. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू केलं आणि विंडोज उठलं, "डिव्हाइसेस तयार करत आहोत" असं काहीतरी बराच वेळ दाखवत राहिलं आणि मग माझा डेस्कटॉप, गणपतीच्या फोटोसकट! फाँट जागच्या जागी. लॅनचा (केबलच्या नेटचा) ड्रायव्हर नव्हता तर मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं, चिपसेटचा ड्रायव्हर नवा टाकला. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट नाही म्हणत होतं, ते ट्रबलशूटमध्ये जाऊन "हार्डवेअर बदललं आहे" निवडून अकाउंटने झालं. पण कॉम्प्युटरबरोबर आलेलं विंडोज असेल तर ते जुन्या बोर्डालाच बांधलेलं असतं, तेव्हा नवीन लायसन्सचा खर्च धरून चला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ ला जायचं तर यूईएफआय, म्हणजे बूट करायची नवी पद्धत, लागतं, आणि त्याला डिस्कची मांडणीही नवी, जीपीटी, हवी. म्हणून दुसऱ्या दिवशी आधी पूर्ण क्लोन घेऊन मगच एमबीआर टू जीपीटी करून दिलं. हेही फॉर्मेट न करता.

मजुरी ६०० घेतली, बोर्डचं पक्कं बिल दिलं. तक्रार एकच, फोन उचलत नाही, दोनदा हेलपाटा पडला. आणि तिथे गाडी लावायला जागा नाही, कॅबिनेट घेऊन जाणार असाल तर सरळ रिक्षा करा.