तांबीची खुर्ची : शंभर फुटी रस्त्यावरील एका सुतारकामाच्या दुकानाविषयी

सांगलीत शंभर फुटी रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या एका लहानशा सुतारकामाच्या दुकानाविषयी हा अभिप्राय आहे. तिथे मुख्यतः दारांच्या चौकटी आणि स्वयंपाकघरातील कपाटे तयार होतात. मी मात्र तिथून आमच्या तांबी या कुत्रीसाठी जेवणाची उभी खुर्ची करून घेतली होती. तांबी २०२४ च्या जुलैमध्ये गेली. तोपर्यंत जवळजवळ पाच वर्षे, रोज चार वेळा, ती त्याच खुर्चीत जेवली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर गावभागातील आमच्या जुन्या घरातला गाळ उपसताना जिन्याखाली साधारण दोन महिन्यांचे तांबूस पिल्लू सापडले. ते अधाशासारखे खायचे आणि थोड्याच वेळात सगळे बाहेर टाकायचे. सुरुवातीला ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी तीन आठवडे उलटीचीच औषधे दिली. प्रत्यक्षात ती उलटी नव्हतीच. उलटीच्या आधी पोट आत-बाहेर होते, जनावर उमासे काढते. तांबीने मान खाली घातली, की अन्न काहीही जोर न लावता, न पचलेले, नळीच्या आकारात जमिनीवर पडायचे. दुसऱ्या डॉक्टरांनी बेरियम पाजून एक्स-रे काढला, तेव्हा अन्ननलिका सैल पडून पिशवीसारखी फुगलेली दिसली. या विकाराला मेगाइसोफॅगस म्हणतात. अन्न पुढे ढकलण्याची ताकदच नळीत नसते, आणि कुत्र्याची अन्ननलिका आडवी असल्यामुळे खाल्लेले तिथेच साचते. ते उलटे येताना श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो, आणि खरा धोका तोच. तांबीला तो दोष जन्मतःच असावा, असे डॉक्टरांचे मत होते. त्यावर उपाय म्हणजे जनावराला माणसासारखे ताठ बसवून भरवायचे आणि नंतरही पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवायचे, म्हणजे अन्न आपल्या वजनाने पोटात उतरते. परदेशात यासाठीच्या खुर्चीला बेली नावाच्या कुत्र्यावरून बेली चेअर म्हणतात.

फर्निचरच्या दोन दुकानांनी मला हसून वाटेला लावले होते. या मिस्त्रींनी मोबाइलवरचा फोटो शांतपणे पाहिला आणि विचारले, "ताई, माप जनावर बसल्यावर घ्यायचं, का उभं राहिल्यावर?" योग्य प्रश्न विचारणारे ते पहिलेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांबीला घेऊन यायला सांगितले, एका खोक्याचा पुठ्ठा कापून तिच्याभोवती उभा केला, तिला मागच्या पायांवर बसवले आणि पुढचे पाय कुठे टेकतात तिथे पेन्सिलीने खूण केली. ती सारखी टेप चाटत होती, तरी त्यांनी तिला एकदाही हाकलले नाही.

कामातली सर्वांत मोलाची गोष्ट त्यांनी आपणहून सुचवली. पिल्लू वाढणार, म्हणून बसण्याची फळी त्यांनी पक्की ठोकली नाही. दोन्ही बाजूंच्या प्लायवूडला आतून चार-चार इंचांवर तीन खाचा पाडल्या आणि फळी त्यांत सरकवली. पहिल्या वर्षात तांबी वरच्या खाचेवरून सर्वांत खालच्या खाचेवर आली. बाजूंचा जाड फोम तिच्या अंगमानाप्रमाणे कमी करत गेलो आणि नवी खुर्ची कधीच करावी लागली नाही. समोर बिजागरीचे दार, त्याला पितळी कडी, वर पुढचे पंजे ठेवायला फळी आणि आतून धुता येईल असे रेक्झिन, एवढे सगळे मिळून मी २,८०० रुपये दिले. पुढे कडीचा आवाज आला, की तांबी घरात कुठेही असली तरी येऊन खुर्चीसमोर बसायची.

उणिवाही सांगायला हव्यात. कबूल केलेल्या तारखेपेक्षा खुर्ची दहा दिवस उशिरा मिळाली. इतर ग्राहकाला कपाट उशिरा मिळाले तर चालते. मला मात्र ते दहा दिवस प्रत्येक जेवणानंतर तिला मांडीवर उभी धरून काढावे लागले. बसायच्या फळीवर त्यांनी गुळगुळीत सनमायका लावला होता. त्यावरून ती घसरायची, पाठ वाकायची आणि अन्न पुन्हा अडायचे. तक्रार केल्यावर त्यांनी काहीही वाद न घालता, जादा पैसे न घेता, त्यावर रबरी मॅट चिकटवून दिली. कडांची पट्टी मात्र पहिल्याच पावसाळ्यात सुटली आणि ती मलाच फेव्हिकॉलने बसवावी लागली.

खुर्ची आली म्हणजे सगळे सुटले, असे कोणी समजू नये. तांबीला भात आणि उकडलेले चिकन वाटून, त्याचे लिंबाएवढे गोळे करून भरवावे लागत. काही कुत्र्यांना पातळ अन्न मानवते. तिला पातळ दिले की खोकला यायचा. भांड्यातले पाणी तिला वर्ज्य होते, म्हणून चायना ग्रास घालून घट्ट केलेल्या पाण्याच्या वड्या द्यायचो. दोनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा नेब्युलायझरची वाफही तिने त्याच खुर्चीत बसून घेतली. तिसऱ्या वेळी औषधांचा उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी तिने काही खाल्ले नाही, तरी कडी वाजल्यावर मान वर केली.

ज्यांना अशी खुर्ची करून घ्यायची असेल, त्यांनी जनावराला सोबत न्यावे, कारण घरी घेतलेले माप हमखास चुकते. बसायच्या फळीवर सनमायका नको, हे आधीच सांगावे आणि सांगितलेल्या तारखेत आठवडाभर जास्तीचा धरून चालावे.

सप्टेंबरमध्ये आमच्या डॉक्टरांनी तासगावच्या एका घरी असेच पिल्लू असल्याचे सांगितले, म्हणून मी खुर्ची मिस्त्रींकडे घेऊन गेले. त्यांनी फोम बदलला, सुटलेल्या पट्ट्या नव्याने बसवल्या आणि फक्त रेक्झिनचे पैसे घेतले. मग न सांगताच फळी खालून काढली आणि पहिल्या खाचेत सरकवली.