प्रतिकृती देखणी, पण उलटी फिरते ती चुकीच्या कारणाने

आमच्या महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी गेल्या सत्रात ई. कोलाय या जिवाणूच्या कशाभिकेच्या (पोहण्यासाठी फिरणाऱ्या शेपटीसारख्या तंतूच्या) मोटारीची, सुटे भाग जोडून उभी करायची प्लॅस्टिकची प्रतिकृती मागवली. सुमारे 45 नॅनोमीटर व्यासाची मोटार येथे 15 सेंटिमीटरची झाली आहे. त्याच प्रमाणात 10 मायक्रोमीटरचा तंतू जोडायचा तर तेहेतीस मीटर लागला असता, त्यामुळे वीतभर तंतूवर भागवले याबद्दल तक्रार नाही. हुक, दंड, पटलातली कडी आणि खालचे 34 दात्यांचे सी-कडे यांची घडण सुबक आहे. स्टेटर, म्हणजे सी-कड्याला फिरवणारा भाग, पाच दात्यांच्या छोट्या चक्राच्या रूपात दाखवला आहे, आणि हे विशेष कौतुकास्पद आहे, कारण मोट-ए प्रथिनाचे पाच रेणू मोट-बी च्या दोन रेणूंभोवती फिरतात, हे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या रचनांनंतरच स्पष्ट झाले.

घोडे अडते ते दिशाबदलापाशी. तळाशी एक बटण आहे. ते दाबले की बॅटरीचा प्रवाह उलटतो आणि सगळीच चक्रे उलटी फिरू लागतात. विद्यार्थ्यांना हे लगेच पटते, म्हणूनच ते घातक आहे. प्रत्यक्षात मोटारीला ऊर्जा देणारे प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) नेहमीप्रमाणे बाहेरून आतच येत राहतात आणि स्टेटरचे चक्र, बाहेरून पाहिले असता, कायम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरते. बदलतो तो सी-कड्याचा आकार. कडे आकसलेले असताना स्टेटर त्याच्या बाहेरच्या कडेला भिडतो, आणि दोन चक्रांचे दाते बाहेरून गुंतले की दुसरे विरुद्ध दिशेने फिरते, या साध्या नियमाने कडे काट्यांच्या उलट फिरते, तंतूंची जुडी बनते आणि जिवाणू सरळ पोहतो. फॉस्फेट लागलेले ची-वाय प्रथिन कड्यातील फ्लि-एम या प्रथिनाला येऊन चिकटले की कड्यातल्याच फ्लि-जी या प्रथिनाचे दाते वळतात, कडे पसरते, स्टेटर आतल्या बाजूने गुंततो आणि दोघेही काट्यांच्या दिशेने फिरू लागतात. जुडी विस्कटते आणि जिवाणू क्षणभर गडबडून नवी दिशा धरतो. मोटारगाडीचा गिअर बदलताना इंजिन उलटे फिरवावे लागत नाही, तसेच हे आहे.

म्हणून आम्ही ते बटण चिकटपट्टीने बंद केले आणि आतून दाते असलेले मोठे कडे जाड पुठ्ठ्याचे कापून बसवले. तेच स्टेटर-चक्र, तोच प्रवाह, आणि तरी तंतू उलटा फिरतो हे पाहून तृतीय वर्षाच्या वर्गात जी शांतता पसरली, ती मूळ प्रतिकृतीने एकदाही साधली नव्हती. अडीच हजार रुपयांत घडण उत्तम मिळते; मात्र पुठ्ठ्याचे दाते विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांतच झिजले असून, आतल्या दात्यांचे कडे वेगळे विकत द्यावे अशी विनंती विक्रेत्याला केली आहे, तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.