वेगास, बार्सिलोना, तैपेई की बर्लिन? पदरचे पैसे घालून पहिला टेक शो कुठला करावा

गेल्या दिवाळीपासून मला तीन जणांनी हाच प्रश्न विचारलाय. एक नागपूरचा यूट्यूबवाला, एक कोल्हापूरच्या दैनिकातली रिपोर्टर आणि एक माझा जुना सहकारी जो आता फ्रीलान्स करतो. परदेशातला टेक शो, म्हणजे नव्या उपकरणांचं मोठं प्रदर्शन, पहिल्यांदा कव्हर करायचाय, कुठली कंपनी नेत नाहीये, पैसे स्वतःचे, तर जायचं कुठं? तिघांशी तास तास बोललो, आता तेच इथे लिहून ठेवतो म्हणजे चौथ्याला उपयोग होईल.

माझं मत आधीच सांगतो. कॉम्प्युटर, चिप, हार्डवेअर यात थोडा जरी रस असेल तर तैवानमधलं तैपेई. फोन हाच तुमचा विषय असेल तर बार्सिलोना. बर्लिन घरगुती उपकरणांसाठी, आणि ज्याला गर्दीत सामान्य माणूस काय बघतो ते पाहायचंय त्याच्यासाठी. लास वेगासचा सीईएस सगळ्यात मोठं नाव आहे हे खरं, पण पहिल्यांदा आणि एकट्याने, स्वतःच्या पैशाने? नको. का ते सांगतो.

व्हिसापासूनच सुरुवात करू, कारण निम्म्या लोकांचं गाडं तिथेच अडतं. अमेरिकेसाठी बरेच जण सरळ बी१/बी२ म्हणजे पर्यटक-व्यावसायिकांचा नेहमीचा व्हिसा काढायला जातात, पण तुम्ही तिथे बातमीदारी करायला जाणार असाल तर पत्रकारांसाठी वेगळा 'आय' व्हिसा आहे आणि तोच लागतो. त्यासाठी तुमच्या संस्थेचं पत्र लागतं, फ्रीलान्सर असाल तर एखाद्या मीडिया संस्थेशी केलेला करार दाखवावा लागतो. फी १८५ डॉलर, इंटरव्ह्यू मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत, आणि शो जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असतो म्हणजे गणपती संपले की कागदपत्रांच्या मागे लागायला हवं. युरोपचं गणित सोपं आहे, शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, किमान ३० हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फक्त स्पेनचा अर्ज स्पेनकडे आणि जर्मनीचा जर्मनीकडे. आणि तैवानची एक गंमत बऱ्याच जणांना माहीतच नाही. तुमच्या पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, शेंगेन, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेपैकी कुठला तरी व्हिसा असेल, चालू असो किंवा गेल्या दहा वर्षांत संपलेला असो, तर भारतीयांना ऑनलाइन फॉर्म भरून १४ दिवसांचं परवानापत्र फुकट मिळतं. जुना संपलेला व्हिसा असेल तर तो वापरून तिकडे गेल्याची नोंद मात्र हवी. पत्रकार म्हणून जाताय तर आधी एकदा तैवानच्या ऑफिसात मेल टाकून विचारून घ्या, २०२४ च्या ऑक्टोबरपासून मुंबईतही त्यांचं ऑफिस आहे. म्हणजे एकदा युरोप झाला की तैपेईचं दार उघडलंच म्हणायचं. हा क्रम मला माझ्या सुरुवातीला कुणी सांगितला असता तर दोन वर्षं वाचली असती.

दुसरी गोष्ट घड्याळ. लोक तिकिटाचे पैसे मोजतात, पण आपल्या डेस्कच्या वेळेचं गणित मांडत नाहीत, आणि मला विचाराल तर तेच जास्त महत्त्वाचं. वेगास आपल्या साडेतेरा तास मागे आहे. तिथे सकाळी दहाला हॉल उघडतो तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेअकरा, पान सुटायच्या घाईत, आणि तुम्ही दिवसभर फिरून संध्याकाळी हॉटेलवर येऊन लिहायला बसता तेव्हा इथे दुसरा दिवस उजाडलेला असतो आणि अमेरिकेतल्या साइट्सनी बातमी शिळी करून टाकलेली असते. बार्सिलोना फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेचार तास मागे, बर्लिन सप्टेंबरमध्ये साडेतीन. तिथे सकाळी दहाची पत्रकार परिषद म्हणजे आपल्याकडे दुपार, आरामात लिहून सहापर्यंत कॉपी देता येते. आणि तैपेई आपल्या अडीच तास पुढे! तिथलं दुपारचं जेवण होईपर्यंत इथे जेमतेम साडेदहा-अकरा वाजलेले असतात, तुमच्या हातात अख्खा दिवस. संपादक खूश, तुम्हाला झोप मिळते, आणि झोप मिळाली की तिसऱ्या दिवशीही नीट प्रश्न सुचतात.

आता मुख्य मुद्दा, हाताला काय लागतं.

सीईएस १९६७ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाला आणि १९७८ पासून वेगासला होतो. २०२५ ला १ लाख ४० हजारांच्या वर लोक आणि ४ हजार ५०० च्या आसपास प्रदर्शक. हे आकडे ऐकायला भारी वाटतात पण एकट्या माणसासाठी त्याचा अर्थ असा, की कन्व्हेन्शन सेंटर एका टोकाला, व्हेनेशियन एक्स्पो दुसरीकडे, पत्रकार परिषदा मँडले बे हॉटेलात, आणि तुमचे तास रांगेत जातात, टॅक्सीची रांग, मोनोरेलची रांग, बॅगा तपासायची रांग. मोठ्या कंपन्यांच्या परिषदा लाइव्ह स्ट्रीम होतात, त्या पुण्यात बसून जास्त चांगल्या दिसतात, खरंच सांगतो. तिथे जाऊन जे मिळतं ते व्हेनेशियनच्या तळमजल्यावरच्या युरेका पार्कमध्ये, हजाराहून जास्त स्टार्टअप, प्रत्येकाकडे एक टेबल आणि समोर उभा खुद्द संस्थापक. पण तिथे काय खरं काय हवेतलं हे ओळखायला आधीचे तीन-चार शो पाहिलेले डोळे लागतात, नवख्याला सगळंच क्रांतिकारी वाटतं. आणि तयारी कितीही करा, २०१८ ला मुसळधार पाऊस झाला, ओलाव्यामुळे ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड झाला आणि एवढ्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स शोचा मुख्य हॉल दीड-दोन तास अंधारात होता. जगभरातले टीव्ही लावलेल्या हॉलमध्ये एकही टीव्ही चालू नाही!

बार्सिलोनाचा एमडब्ल्यूसी, म्हणजे मोबाइल वर्ल्ड काँग्रेस, हा माझा पहिला शो, २०१६ साली. आधी तो फ्रान्समधल्या कान शहरात व्हायचा, २००६ पासून बार्सिलोनाला आला आणि २०१३ पासून तिथल्या फिरा ग्रान व्हिया या प्रदर्शन केंद्रात. सगळे हॉल एका ओळीत, मधून वरच्या मजल्यावरून सरकता पट्टा, खाली मेट्रो. सकाळी एका टोकाला शिरलात की संध्याकाळपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचता, बाहेर पडायची गरजच नाही. पहिल्या वर्षी रविवारी संध्याकाळी सॅमसंगच्या कार्यक्रमात आम्ही सगळ्यांनी व्हीआर हेडसेट चढवलेले आणि ते काढले तर समोर स्टेजवर फेसबुकचा झुकरबर्ग, तो कधी बाजूने चालत गेला कुणाला कळलंच नाही. ते दिवस आता राहिले नाहीत. सॅमसंग आपले मोठे फोन स्वतःच्या वेगळ्या कार्यक्रमात काढते, तरी शाओमी, ऑनर वगैरे अजून तिथेच मोठा बार उडवतात. एक मात्र लक्षात घ्या, फोन दिसतो म्हणजे हातात मिळतोच असं नाही. २०१९ हे घडीच्या फोनचं वर्ष होतं आणि सॅमसंगचा गॅलेक्सी फोल्ड काचेच्या पेटीत होता, देवळातल्या मूर्तीसारखं लांबून दर्शन. आणि निम्मा शो मोबाइल कंपन्यांच्या टॉवर-नेटवर्कचा असतो, त्यात रस नसेल तर दोन दिवसांत तुमचं काम संपतं. बार्सिलोनाची अजून एक आठवण म्हणजे २०२०. शो २४ फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता आणि १२ तारखेला कोरोनामुळे रद्द झाला. मी स्वस्तात मिळतं म्हणून परतावा न मिळणारं हॉटेल घेतलं होतं, चार रात्रींचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून दोन हजार जास्त गेले तरी चालतील पण रद्द करता येणारंच बुकिंग. मेट्रोत खिसा सांभाळा, लॅपटॉपची बॅग पाठीवर नको, पोटावर.

बर्लिनचा आयएफए सगळ्यात म्हातारा, १९२४ चा, रेडिओच्या जमान्यातला, १९३० ला तर उद्घाटनाचं भाषण आइन्स्टाइननी केलेलं. बाकी तिन्ही शो मुख्यतः धंद्यातल्या लोकांसाठी, इथे मात्र कुणीही तिकीट काढून येतं, २०२५ ला २ लाख २० हजार लोक आले. शनिवारी-रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं येतात, आजी वॉशिंग मशिनचं दार उघडून बघतायत, मुलं गेमच्या रांगेत. कंपनीचा माणूस जे सांगतो त्यापेक्षा त्या आजी काय विचारतात ते ऐकणं मला जास्त शिकवून गेलं. पण शनिवारी तुम्हाला कुठल्याही स्टॉलवर निवांत पाच मिनिटं मिळणार नाहीत, मुलाखती शुक्रवारीच उरका.

आणि तैपेई. कॉम्प्युटेक्स, १९८१ पासून, मे अखेर किंवा जूनची सुरुवात, मुख्यतः नानगांग प्रदर्शन केंद्राच्या दोन इमारती आणि मेट्रो थेट दारात. २०२५ ला ८६ हजार लोक, म्हणजे बर्लिनच्या निम्मेसुद्धा नाहीत. हल्ली चिपवाल्या एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंगच्या भाषणामुळे सगळ्या जगाचं लक्ष तिकडे असतं, पण मी तिथे जातो ते वेगळ्याच कारणाने. तुमच्या लॅपटॉपचा बिजागर, पंखा, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड बनवणारी किंवा डिझाइन करणारी माणसं तिथे स्वतः उभी असतात आणि ती मार्केटिंगवाली नसतात, इंजिनिअर असतात. मागे एका छोट्या स्टॉलवर फक्त पंखे मांडलेले होते, बघायला कुणी नव्हतं. मी सहज विचारलं की आमच्याकडे दोन उन्हाळ्यांत लॅपटॉपचा पंखा घरघरायला का लागतो. साठीच्या आसपासचे गृहस्थ होते, इंग्रजी बेताचं, त्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, पंखा उघडला, आणि एक साध्या बुशचा आणि एक बॉल बेअरिंगचा असे दोन माझ्या कानाशी धरून फिरवले. मग बोटाने दाखवलं की धूळ पात्यांवर नाही, पुढच्या तांब्याच्या बारीक जाळीत अडकते, तिथे नमद्यासारखा थर होतो, हवा जाईना झाली की पंखा जोरात फिरतो आणि बुश झिजतं. वीस मिनिटं. त्यावर मी जे लिहिलं ते त्या वर्षी माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलं, दुरुस्तीच्या दुकानवाल्यांचे फोन आले. वेगासला वीस मिनिटं कुणी तुमच्यासाठी पंखा उघडून बसत नाही.

खाण्याचं थोडक्यात. तैपेईला शाकाहारी माणसाचे हाल होतील असं सगळ्यांना वाटतं, उलट आहे. तिथे बौद्ध शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पाटीवर चक्क स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या बाजूला वळलेलं, ते दिसलं की बिनधास्त आत शिरा. मात्र कडक बौद्ध जेवणात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे चव सपक लागू शकते, लसणीची चटणी सोबत असू द्या. बार्सिलोनात रात्रीचं जेवण साडेआठ-नऊशिवाय नाही, तोवर टोमॅटो चोळलेला पाव आणि बटाटे. वेगासच्या मोठ्या हॉटेलांत बहुतेक खोल्यांमध्ये चहाची केटल नसते, आणि इथली २३० व्होल्टची केटल नेलीत तर तिथल्या १२० व्होल्टवर ती पाव ताकदीने तापते, चहाला आधण येईपर्यंत तुमची पहिली परिषद सुरू होईल. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी घ्या. तैवानलाही ११० व्होल्ट आणि चपट्या पिनांचा प्लग. कॅमेरे-लेन्स महागाचे असतील तर जाताना मुंबई एअरपोर्टवर कस्टमकडून सामानाचं सर्टिफिकेट करून घ्या, येताना वाद होत नाही.

कंपनीच्या खर्चाने जायचं का, हा प्रश्न तिघांनीही शेवटी दबक्या आवाजात विचारला. मी गेलोय, लेखाखाली तसं लिहिलंय, आणि त्या दौऱ्यांत माझं स्वतःचं म्हणावं असं एकही काम झालेलं नाही कारण सकाळी नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत वेळापत्रक त्यांचं. २०१२ ची बर्लिनची घटना या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत हवी. एका बड्या कंपनीने दोन भारतीय ब्लॉगर्सना शो दाखवायला नेलं, तिथे गेल्यावर कंपनीचा गणवेश घालून स्टॉलवर उभं राहा म्हणाले, नकार दिल्यावर परतीच्या तिकिटावरून धमकावलं. शेवटी प्रतिस्पर्धी कंपनीने त्यांची राहायची आणि घरी यायची सोय केली. परतीचं तिकीट स्वतःच्या हातात असणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

तर कोल्हापूरच्या रिपोर्टरला मी तैपेई सांगितलं, तिचे वाचक पीसी जुळवणारी कॉलेजची मुलं आहेत आणि भावाकडे गेली होती तेव्हाचा जपानचा व्हिसा पासपोर्टवर आहे. नागपूरवाल्याचा चॅनल फोनचाच, तो बार्सिलोना करणार, शेंगेनचे कागद जमवतोय. फ्रीलान्सर मित्राला बर्लिन सुचवलं पण तो वेगासवरच अडून बसलाय, म्हणतो आयुष्यात एकदा बघायचंच. त्याला म्हटलं ठीक आहे, मग आधी एखाद्या संपादकाकडून कराराचं पत्र घे आणि युरेका पार्कसाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेव. परवा फोन आला होता, पत्र मिळालंय, आता बीकेसीची तारीख मिळायची वाट बघतोय.