दिवाळीच्या फोटोसाठी नऊ जणांचे कपडे आणि माझे २७,६०० रुपये

घटस्थापनेच्या आदल्या रात्री नणंदेने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. बायका मोरपंखी पैठण्यांत, पुरुषांच्या कुर्त्यांना त्याच पैठणीचा काठ, एक चिमुरडी परकर-पोलक्यात. खाली ‘दिवाळी फॅमिली कॉम्बो’. दहा मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले. दिराने बंगळुरूहून लिहिलं, ‘वहिनी, हेच घ्या.’ आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

निमित्तही तसंच होतं. सासूबाई आणि नानांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. घरातल्या सगळ्यांचा मिळून शेवटचा फोटो दिराच्या लग्नातला, २०१२ सालचा. त्यात माझा मुलगा कडेवर आहे आणि पुतणी तर जन्मलीच नव्हती. ठरलं असं, की पाडव्याला आमच्या नाशिकच्या पिंपळपारावरची पाडवा पहाट ऐकायची, तिथून तसंच गोदाघाटावर जायचं आणि नारोशंकराच्या देवळाजवळच्या पायऱ्यांवर फोटो काढून घ्यायचे. दीर भाऊबीज उरकून लगेच परत जाणार होता, म्हणजे दुसरा दिवस हाताशी नव्हताच.

फोटोग्राफर मुलगा ओळखीचा. त्याने आधीच सांगितलं होतं, “काकू, सगळे एकाच रंगात आले की ढोलपथक वाटतं. दोन-तीन रंग ठरवा, एकमेकांत मिसळणारे. मागे काळा दगड आहे, म्हणून गडद जांभळं, काळपट निळं नको, माणूस दगडात विरघळतो. आणि चकाकणारं कापड घेऊ नका, सकाळच्या तिरप्या उन्हात ते पांढरं फुटतं.” मी मान डोलावली आणि सोडून दिलं. नवरात्रातल्या नऊ रंगांनी आपल्याला अशी सवय लावली आहे की रंग जुळला म्हणजे सगळं जुळलं असंच वाटतं. निदान मला तरी वाटलं.

इन्स्टाग्रामवरच्या त्या पानावर बावीस हजारांच्या वर फॉलोअर होते. नावात ‘येवला’ आणि ‘पैठणी’ दोन्ही. पत्ता ‘मेन रोड, येवला’ एवढाच. गिऱ्हाइकांच्या शाबासकीचे चॅट वर टाचून ठेवलेले, पण फोटोंखाली कॉमेंट बंद. मला ते विचित्र वाटलं होतं. पण दिसलं आणि खटकलं यात जे अंतर असतं ते मी त्या दिवशी पार केलं नाही.

मेसेज केला तर लगेच उत्तर आलं. दर नाही, रंग नाही, माप नाही. पहिला प्रश्न होता, “ताई, कार्यक्रम कोणत्या तारखेला आहे?” किती काळजीने विचारतात, असं मला वाटलं. मी तारीख सांगितली, वर घाटाचं, पन्नास वर्षांचं, दिराच्या रजेचंही सांगून बसले. आपली दुखरी नस कुठे आहे हे मीच दाखवून दिलं. पुढचं सगळं त्या नसेवर बोट ठेवून झालं.

चार पैठण्या, चार कुर्ते, एक परकर-पोलकं, नऊ जणांचे मिळून १८,४०० रुपये. ‘प्युअर सिल्क, हातमाग.’ निम्मे आगाऊ, निम्मे कुरिअरची पावती दाखवल्यावर. आता लिहिताना माझं मलाच हसू येतं. आमच्या आतेसासूबाई येवल्याच्या. नंतर त्या म्हणाल्या, “अगं, हातमागावर पदरातला एकेक मोर रंगीत धागा हाताने अडकवत विणावा लागतो. एका साडीला आठवडेच्या आठवडे जातात. तुझ्या त्या पैशांत तशी एक चांगली साडी मिळाली असती, तीही घासाघीस करून. आणि येवल्याला एसटी जाते, फोन करायचा होतास.” जाते खरी. माझ्याच जिल्ह्यातली वस्तू मी दोन तासांवरच्या गावाला न जाता कुणा अनोळखी फोनवर मागवली.

९,२०० रुपये क्यूआर कोडवर भरले. पिन टाकण्याआधी मोबाईलवर नाव दिसलं, ते दुकानाचं नव्हतं, कुणा बाप्याचं होतं. विचारलं तर म्हणे अकाउंटंटचा नंबर आहे, चालू खात्याची दिवाळीमुळे लिमिट संपली. मी पैसे पाठवले.

दसऱ्यानंतर चार दिवस उत्तर नाही. कोजागिरीच्या संध्याकाळी अचानक फोटो आला, खोक्यात भरलेले मोरपंखी कपडे. “ताई, माल पॅक आहे. बाकीचे आत्ता टाका, आजच्या गाडीत नाही गेला तर दिवाळीच्या सुट्टीत अडकेल, मग पाडव्याला मिळणार नाही.” पावती दाखवल्यावर पैसे द्यायचं ठरलं होतं ना, असं मी म्हटलं. उत्तर आलं, “तुमची मर्जी. पुढच्या गिऱ्हाइकाला देतो.” मी आटवलेलं दूध तसंच ठेवून ९,२०० पाठवले. बिलही आलं, जीएसटी क्रमांकासकट. तो क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. माझ्या बिलावरचा १४ अक्षरांचा होता. हे मोजलं कधी, तर सगळं होऊन गेल्यावर. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकून पाहायला मिनिटभरही लागत नाही, दुकानदाराचं नोंदवलेलं नाव समोर येतं.

पार्सल वसुबारसेला आलं. पिशवीवर वजन लिहिलेलं, १.२ किलो. नऊ जणांचे कपडे, त्यात चार रेशमी साड्या, आणि वजन सव्वा किलोही नाही! ही शंका तिथेच यायला हवी होती. कुरिअरचा मुलगा फाटकाशी उभा असताना मी उघडायचा आग्रहही धरला नाही. आत तीन साड्या निघाल्या. मोर छापलेला, विणलेला नाही. कुर्ते दोन, दोन्ही एकाच मापाचे, नानांना सैल आणि मुलाला तर तंबू. परकर-पोलक्याचा पत्ता नाही.

खऱ्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तरी नक्षी सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते, हे आतेसासूबाईंनी फोनवर सांगितलं. यंत्रमागावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात. आमच्याकडे धागेही नव्हते, मागची बाजू नुसती फिकट. पदराच्या गोंड्यातला एक दोरा त्यांनी जाळून पाहायला लावला. रेशीम जळलं तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. आमच्या दोऱ्याची काळी कडक गोळी झाली, वास जळक्या प्लॅस्टिकचा. सासूबाई देवघरातून ओरडल्या, “काय जळतंय गं?” मी काय सांगणार!

इथवर १८,४०० गेले होते. पुढचं लिहायला जास्त लाज वाटते, पण हे लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

मी चिडून फोटो पाठवले. मला वाटलं, नंबर ब्लॉक करतील. पण उलट फोन आला, आवाज अगदी नरम. “ताई, गोडाऊनवाल्याची चूक झाली. निम्मे पैसे आत्ता परत देतो, बाकीचे माल परत आल्यावर.” मी त्या वेळी चकल्या तळत होते, एक हात पिठाचा, एक घाणा कढईत, शेजारी पुतणी आणि मुलाचं भांडण. त्याने क्यूआर कोड पाठवला. “स्कॅन करा, ९,२०० टाका, पिन टाका, लगेच जमा होतील.” मी करंगळीने पिन टाकला. खात्यातून आणखी ९,२०० गेले.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडूनच जाणार. हे मी नानांना मोबाईल शिकवताना स्वतः सांगितलं होतं, त्यांच्या डायरीत लाल शाईने लिहूनही दिलं होतं. ती डायरी त्याच ओट्यावर मायक्रोवेव्हवर पडलेली होती.

नवरा आत आला तेव्हा चकल्या करपल्या होत्या. त्याने आधी गॅस बंद केला, मग १९३० लावला. सायबर फसवणुकीची ही देशभराची मदतवाहिनी. नाशिककरांना हा आकडा विसरायचं कारण नाही, काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याच साली सुरू झाला. तिकडून पहिल्यांदा मागितला तो यूटीआर, म्हणजे प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक. तो ॲपमध्ये व्यवहार उघडला की सापडतो. बँकेचं नाव, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडीही विचारतात. चॅट मात्र पुसून टाकू नका. मी रागाने पुसायला निघाले होते, नवऱ्याने हात धरला. नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार केली आणि सगळे स्क्रीनशॉट जोडले.

फोन वीसेक मिनिटांत केल्यामुळे तिसऱ्या रकमेपैकी ६,१०० रुपये पुढच्या खात्यात गोठवले गेले. ते सुटावेत म्हणून अर्ज केलाय, वाट पाहतेय. आधीच्या दोन रकमा तोपर्यंत कुठल्या कुठे गेल्या होत्या. कोजागिरीलाच, दुसरे पैसे मागताना, मी थांबून कुणाला तरी विचारलं असतं तर निम्मं नुकसान तरी वाचलं असतं. पण मी लपवलं. मोठ्या सुनेने फसावं, तेही नणंदेच्या डोळ्यांदेखत, हे मला सहन होणारं नव्हतं. ग्राहक मदतवाहिनी १९१५ वरही तक्रार नोंदवली. ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःचं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा तपशील दाखवायचा हा नियम २०२० पासून आहे. ज्या पानावर यातलं काहीच नाही तिथे तक्रार तरी कुणाविरुद्ध चालवणार!

मुलाने त्या रात्री दोन गोष्टी केल्या. मोरपंखी फोटो गुगल लेन्समध्ये टाकला, तर तोच फोटो आणखी पाच-सहा पानांवर निघाला, प्रत्येकाचा दर निराळा. आणि इन्स्टाग्रामवर त्या पानाच्या नावाला टिचकी मारून ‘या खात्याविषयी’ उघडलं. चार वेळा नाव बदललेलं. “आई, हे आधी बघायचं असतं,” तो म्हणाला. पंधरा वर्षांच्या पोराने मला असं म्हणावं!

धनत्रयोदशीला नाशिकच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते, पण गेलो. पुरुषांना फिकट लिंबू रंगाचे साधे सुती कुर्ते, हात लावून, घालून पाहून घेतले. साड्या कपाटातल्याच निघाल्या. सासूबाईंचा लग्नातला शालू, जावेची आंबा रंगाची पैठणी, माझी हिरवी नारायणपेठ. नणंद शेवटच्या क्षणी गुलाबी नेसली, कुणालाही न विचारता. फोटोग्राफरने घाटावर आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काकू, तुम्ही ऐकलंत वाटतं माझं.” मी हो म्हटलं.

परवा संक्रांतीच्या तोंडावर नणंदेच्या मोबाईलवर तेच फोटो पुन्हा दिसले. पान नवं, नाव नवं, मोरपंखीचं काळं केलेलं, ‘संक्रांत स्पेशल फॅमिली कॉम्बो’. तिच्या नंबरवरून मी नुसतं ‘किंमत?’ एवढंच विचारलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं.

“ताई, हळदीकुंकू कोणत्या तारखेला आहे?”